तो खरं सांगत होता : ऑनलाईन वर्ग, कॉपी आणि विश्वास

खडूफळा (धागाकर्ती)

ऑनलाईन शिकवायला लागून मला सहा वर्षं झाली. विषय संख्याशास्त्र, पदवीचा वर्ग, तुकडीत साधारण साठ मुलं-मुली. नवं सत्र दोन आठवड्यांवर आलंय आणि पहिल्या दिवशी वर्गाला पाठवायचं पत्र लिहायला मी तिसऱ्यांदा बसले आहे. दर वेळी एकाच जागी अडकते. प्रामाणिकपणाबद्दल काय लिहायचं आणि कुठल्या सुरात लिहायचं? त्यासाठीच हा धागा. पण आधी एक घडलेली गोष्ट सांगते, कारण माझा सगळा प्रश्न तिथूनच निघतो. (त्या मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

दोन वर्षांपूर्वी सत्र परीक्षा झाल्यावर मी प्रणालीतल्या नोंदी चाळत होते. पुस्तक न बघता द्यायची परीक्षा होती. एका मुलाच्या नावापुढे ऐन परीक्षेच्या वेळात आमच्या टिपणांचं पान उघडल्याची नोंद दिसली, तीही एकदा नाही, अकरा वेळा. हा मुलगा तासाला दोन-तीन प्रश्न हमखास विचारायचा. त्यामुळे मला राग जास्त आला, आपल्याला फसवलं असं वाटलं. रात्री साडेदहाला त्याला मेल केली : नोंदी माझ्यासमोर आहेत, खुलासा कर. त्याचं चार ओळींचं उत्तर आलं. आदल्या रात्री टॅबवर टिपणं वाचता वाचता झोप लागली, टॅब दुसऱ्या खोलीत तसाच राहिला, परीक्षा लॅपटॉपवर दिली. मला ते रचलेलं वाटलं. मी शून्य दिलं.

महिन्याभराने अमेरिकेतल्या डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं प्रकरण माझ्या वाचनात आलं. २०२१ साली तिथे १७ विद्यार्थ्यांवर ऑनलाईन परीक्षेत कॉपी केल्याचा आरोप झाला होता. आधार होता कॅनव्हास या शिक्षणप्रणालीतल्या नोंदींचा. मग जाणकारांनी दाखवून दिलं की एखाद्या उपकरणावर पान नुसतं उघडं राहिलं तरी प्रणाली आपोआप नोंदी करत राहते, माणसाने हात लावायची गरज नसते. शेवटी सगळे आरोप मागे घेतले गेले आणि अधिष्ठात्यांनी माफी मागितली. मी उठून त्या मुलाच्या नोंदी पुन्हा काढल्या. या वेळी परीक्षेच्या दोन तासांपुरत्या नाही, आदल्या संध्याकाळपासूनच्या. रात्री दोनला नोंद होती. तीनला होती. पहाटे पाचला होती. ठरावीक अंतराने, रात्रभर.

तो खरं सांगत होता.

गुण परत दिले, लेखी माफी मागितली, विभागालाही कळवलं. "ठीक आहे मॅडम," एवढंच म्हणाला. त्यानंतर सत्र संपेपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही. हळूहळू बाकीचेही गप्प झाले. मी कोणालाच काही सांगितलं नव्हतं, पण अशा गोष्टी मुलांच्या ग्रुपवर पोचतातच. प्रत्यक्ष वर्गात अशा वेळी आपण दाराशी थांबतो, खांद्यावर हात ठेवतो, दोन वाक्यं बोलतो. इथे तास संपला की खिडकी बंद आणि माणूस गायब. बिघडलेलं नातं सावरायची जागाच नाही. म्हणून ऑनलाईन वर्गात विश्वास आधीच साठवून ठेवावा लागतो, असं मला तेव्हापासून वाटतं. अडचण आल्यावर तो उभा करायला बसलो तर वेळ निघून गेलेली असते.

तेव्हापासून मी काही गोष्टी बदलल्या. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येकाशी दहा-दहा मिनिटं एकट्याने बोलते. साठ जणांचे दहा तास होतात, ते पुढे वसूल होतात. त्यात अभ्यासाची चौकशी नसते. शिकताना कुठे अडायला होतं, कुठल्या वेळी अभ्यास करता, यंत्र स्वतःचं आहे की घरात वाटून घेता, एवढंच विचारते. यंत्र दोघांत एक असणारे दर वर्षी निघतात आणि हे मला आधीची चार वर्षं माहीतच नव्हतं. दुसरं म्हणजे प्रत्येक स्वाध्यायाच्या डोक्यावर लिहिते की इथे काय चालेल : मित्राशी चर्चा चालेल का, टिपणं चालतील का, चॅटबॉट चालेल का आणि कुठपर्यंत. पूर्वी 'स्वतःचं काम सादर करा' एवढंच लिहायचे. त्या वाक्याचा अर्थ मला ठाऊक होता, मुलांना नव्हता.

तुम्ही काय करता? कुठे फसलात? आणि पत्रात काय लिहू?

अंशछेद

मॅडम, तुम्ही चूक उघडपणे मान्य केलीत याचा आदर वाटतो. पण दुसरी बाजू मांडायलाच हवी.

मी गणित शिकवतो. एका वेळी १८० विद्यार्थी. एकेकाशी दहा मिनिटं बोलायचं तर तीस तास लागतील, ते माझ्याकडे नाहीत. आणि विश्वासाची भाषा करताना एक जण नेहमी विसरला जातो : न बघता पेपर सोडवणारा. माझ्या एका विद्यार्थिनीने सत्राच्या शेवटी लिहिलं होतं, 'सर, ग्रुपवर उत्तरं फिरत होती. मी घेतली नाहीत. मला ६१ मिळाले, घेणाऱ्यांना ९०. पुढच्या वेळी मी काय करावं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सगळ्यांवर सारखाच विश्वास टाकला होता आणि त्याची किंमत तिने मोजली.

त्यामुळे माझ्या मते विश्वासाची सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून होते. मी प्रश्नपेढी तयार केली. प्रत्येकाला आकडे वेगळे येतात. मूडल या शिक्षणप्रणालीत ही सोय पूर्वीपासून आहे, एकदा सूत्र बसवलं की काम झालं. मात्र नुसते आकडे बदलून भागत नाही, कारण ग्रुपवर मग उत्तराऐवजी पद्धत फिरते. आता निम्मे प्रश्न वेगळ्या धाटणीचे असतात. मीच एक सोडवलेलं उदाहरण देतो, त्यात एक पायरी चुकलेली असते. कुठली पायरी चुकली, का चुकली आणि ही चूक करणाऱ्याच्या डोक्यात काय चाललं असेल, हे दोन-तीन वाक्यांत लिहायचं. हे तपासायला वेळ लागतो. पण वाचताना कोण समजून लिहितंय ते कळतं, आणि मुलांनाही कळतं की सर वाचतात.

एक चूक सांगतो, म्हणजे इतर कोणी करणार नाहीत. कॉपीला वेळच मिळू नये म्हणून मी एक वर्ष परीक्षेची वेळ आवळली होती. चाळीस मिनिटांच्या कामाला पंचवीस मिनिटं. कॉपी करणाऱ्यांना काही फरक पडला नाही, त्यांना उत्तरं तयार मिळत होती. मेले ते सावकाश विचार करणारे आणि ज्यांचं नेट मध्येच जातं ते.

शब्दवेल्हाळ

मी भाषा शिकवते, निबंध आणि लेखन. माझ्याकडे आकडे बदलण्याची सोय नाही आणि चॅटबॉटने सगळ्यात आधी माझाच विषय गाठला. पहिल्या वर्षी मी घाबरून 'एआयने लिहिलंय का' हे ओळखणाऱ्या साधनांच्या मागे लागले. त्याबद्दल लिहिते, कारण ही साधनं अजूनही सर्रास वापरली जातात.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के ओळखत होतं आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर चुकीचा ठपका ठेवत होतं. त्याच वर्षीच्या जुलैत, अचूकता कमी असल्याचं सांगून, त्यांनी ते बंद केलं. २०२३ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी घेतले, सगळे माणसांनीच लिहिलेले. साधनांनी त्यातले सरासरी निम्म्याहून अधिक एआयचे ठरवले. कारण साधं आहे. परक्या भाषेत लिहिणारा माणूस ठरावीक शब्द वापरतो, वाक्यं सोपी ठेवतो, आणि साधन नेमकं तेच 'यंत्राचं' म्हणून मोजतं. म्हणजे जो सगळ्यात जास्त धडपडून लिहितो, त्याच्यावरच संशय.

'फक्त एक टक्का चूक' म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठाचा हिशेब. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी टर्निटिन या लेखनातली उचलेगिरी तपासणाऱ्या प्रणालीतलं एआय ओळखण्याचं साधन बंद केलं. आदल्या वर्षी त्यांच्याकडे ७५,००० लेख तपासणीला गेले होते. कंपनीचा एक टक्क्याचा दावा मान्य केला तरी साडेसातशे लेखांवर खोटा आळ येतो. साडेसातशे वेळा कोणीतरी रात्री बसून 'मी हे खरंच लिहिलंय' असं पत्र लिहायचं.

मी आता ते साधन उघडत नाही. त्याऐवजी लेखन टप्प्याटप्प्याने घेते. आधी विषय का निवडला ते पाच ओळींत, मग कच्चा आराखडा, मग पहिला खर्डा, त्यावर माझे शेरे, मग पक्का लेख, आणि शेवटी शेऱ्यांपैकी कुठला मानला, कुठला मानला नाही आणि का. शेवटच्या टप्प्याला सगळ्यात जास्त गुण. गेल्या वर्षी एकीने लिहिलं, 'तुमचा तिसरा शेरा मला पटला नाही, कारण आजी तसं बोलायची नाही.' तो परिच्छेद तिचाच होता हे मला कोणत्याही साधनाला विचारावं लागलं नाही.

रात्रअभ्यास

मी इथे एकटाच विद्यार्थी असेन. दिवसा नोकरी करतो, रात्री शिकतो. हा धागा वाचून राहवलं नाही.

खडूफळा मॅडम, तुमच्या गोष्टीतला मुलगा गप्प का झाला ते मी सांगू शकतो. माझ्यावर आरोप झाला नव्हता, माझ्या मैत्रिणीवर झाला होता. तिची चौकशी संपली, ती सुटली. पण नंतर प्रत्येक वेळी लिहिताना ती घाबरायची की हे जास्त चांगलं झालं तर पुन्हा विचारतील. ती मुद्दाम साधं लिहायला लागली. माफी मिळाली तरी ही भीती जात नाही.

आता कॉपीबद्दल. मी एकदा केली आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही. मुदत रात्री बाराची होती, मी साडेदहाला कामावरून आलो, स्वाध्याय उघडला तर दुसरा प्रश्नच कळेना. सूचनांमध्ये ठळक अक्षरात होतं : कोणत्याही कारणास्तव मुदतवाढ मिळणार नाही. विचारायची सोयच ठेवली नव्हती. मित्राची फाईल मागितली, चार शब्द बदलले, अकरा पन्नासला टाकली. त्यावर शेरा आला, 'उत्तम'. मला त्या दिवशी वाईट वाटलं ते कॉपीपेक्षा त्या शेऱ्याचं. कोणी वाचलंच नव्हतं.

त्याच सत्रात दुसऱ्या विषयाच्या सरांनी माझ्या उत्तरावर लिहिलं होतं, 'तुम्ही मागच्या वेळीही इथेच चिन्ह चुकवलं होतं, या वेळी मात्र आकृती फार नेटकी काढलीत.' मागच्या वेळचं लक्षात होतं त्यांच्या! त्या सरांना दुसऱ्याची वही देणं मला जमलंच नसतं.

आणि कॅमेऱ्याबद्दल कोणीतरी लिहा. परीक्षेआधी खोली फिरवून दाखवायला लावतात. माझ्या खोलीत मागे माणसं झोपलेली असतात. ती परक्या माणसाला का दाखवायची?

शून्यापासून

रात्रअभ्यास, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मी प्रोग्रॅमिंग शिकवतो.

खोली दाखवण्याबद्दल : हा वाद अमेरिकेत न्यायालयात गेला होता. ओहायोतल्या क्लीव्हलँड स्टेट या सरकारी विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला परीक्षेआधी झोपायची खोली कॅमेऱ्यात दाखवायला लावली. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ही झडती अवाजवी आणि घटनेच्या विरोधात असल्याचं ठरवलं. तो निकाल तिथल्यापुरता, पण त्यातला प्रश्न कुठल्याही वर्गाला लागू आहे. परीक्षा घेण्याच्या हक्कात घरात डोकावण्याचा हक्क येतो का?

बरं, एवढं डोकावून हाती काय लागतं? नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात २०२१ साली एक छोटा प्रयोग झाला. ३० स्वयंसेवक विद्यार्थी, त्यांतल्या सहा जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलेली. प्रॉक्टोरिओ नावाच्या देखरेख प्रणालीने सहापैकी एकालाही पकडलं नाही. प्रयोग लहान आहे, त्यावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढू नये. तरी ज्या गोष्टीसाठी आपण मुलांच्या घरात शिरतो, तीच साधत नसेल तर थांबून विचार करायला हवा.

माझा उपाय तोंडी परीक्षेचा. प्रोग्रॅम कुठूनही आणा, चॅटबॉटकडून आणा, पण सहा मिनिटं माझ्यासमोर बसून मी सांगेन तो एक बदल करून दाखवा. 'ही यादी उलट क्रमाने छापायची असेल तर कुठे हात लावाल?' ज्याला स्वतःचा प्रोग्रॅम माहीत आहे तो चुकत-माकत का होईना, योग्य ओळीपाशी जातो. ज्याला नाही तो पहिल्या ओळीपासून वाचायला लागतो. सगळ्यांची तोंडी शक्य नसेल तर दर स्वाध्यायाला चिठ्ठ्या टाकून आठ-दहा जणांची घ्या, चिठ्ठ्या वर्गासमोर काढा. अंशछेद सर, १८० च्या वर्गातही हे जमतं, दर वेळी तासभर लागतो.

तोंडीत काही जण गोठतात, आवाज फुटत नाही. त्यात प्रामाणिक मुलंच जास्त असतात. म्हणून मी प्रश्नांचे प्रकार आधीच देतो, पहिला प्रश्न कायम सोपा ठेवतो, आणि अडखळल्यास दोन दिवसांनी पुन्हा बोलावतो. पुन्हा बोलावण्याची सोय आहे हे आधीपासून माहीत असलं की बरेच जण पहिल्याच वेळी बोलतात.

तिसरी घंटा

चांगली चर्चा. एक सोपी गोष्ट सुचवतो. उत्तरपत्रिकेच्या वरच प्रतिज्ञा ठेवा, 'मी प्रामाणिकपणे सोडवीन', आणि खाली सही. सही आधी घेतली की माणूस खोटं कमी बोलतो, असं संशोधनातून सिद्ध झाल्याचं प्रशिक्षणात ऐकलं होतं. खर्च शून्य.

खडूफळा

सर, मीही हेच ऐकून दोन सत्रं सही घेत होते. मग मुळाशी गेले. तो २०१२ चा शोधनिबंध आहे, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेला. २०२० मध्ये त्याच संशोधकांनी मोठ्या प्रमाणावर प्रयोग करून पाहिला तर परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये उघड झालं की त्यातल्या एका प्रयोगाची, गाड्यांच्या विम्याच्या अर्जांची, आकडेवारी बनावट होती. निबंध मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनात खोटे आकडे निघावेत, याने संख्याशास्त्राची शिक्षक म्हणून मला फार वेदना झाल्या. आता हे प्रकरण मी वर्गातच शिकवते. संशयास्पद आकडे कसे ओळखायचे याचा तो उत्तम धडा आहे, आणि प्रामाणिकपणावर बोलायचं निमित्त मिळतं, तेही मुलांकडे बोट न दाखवता.

प्रतिज्ञा निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. विद्यार्थ्यांच्या कॉपीचा अभ्यास करणारे डोनाल्ड मॅककेब यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३१ अमेरिकी महाविद्यालयांतल्या ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली होती, ती १९९३ साली प्रसिद्ध झाली. जिथे कॉपी न करण्याची लेखी आचारसंहिता होती तिथे कॉपी कमी होती. पण सगळ्यात घट्ट संबंध निघाला तो एकाच गोष्टीशी : आपले सोबती काय करतात असं विद्यार्थ्याला वाटतं. हे वाचल्यावर अंशछेद सरांच्या ६१ गुणांच्या विद्यार्थिनीची आठवण झाली. तिने घेतली नाहीत, पण 'सगळे घेतात' असं तिला दिसलं. पुढच्या वर्षी ती किती तग धरेल? सर, इथे तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. विश्वास आणि तपासणी यांना मी नकळत एकमेकांविरुद्ध उभं केलं होतं. न बघणाऱ्याला राखायचं असेल तर प्रश्नपत्रिका नीट काढायलाच हवी.

अंशछेद

धन्यवाद. मीही एक पाऊल मागे येतो. चिठ्ठ्या टाकून तोंडी घेण्याचं मला जमेल, या सत्रात करून बघतो.

पण कोणी थेट बोलत नाहीये तो प्रश्न विचारतो. कॉपी खरंच झाली असेल तर? शंका नाही, खात्री आहे. दोन उत्तरपत्रिकांत तीच विचित्र चूक, त्याच जागी. किंवा पैसे देऊन बाहेरून लिहून घेतलंय. तेव्हा काय करता?

शब्दवेल्हाळ

मी शिकले ते सांगते, क्रम महत्त्वाचा आहे.

आधी स्वतः चोवीस तास थांबते. रागात लिहिलेली मेल परत घेता येत नाही. मग भेटीची वेळ देते, मेलमध्ये आरोप नाही, एवढंच की 'तुमच्या लेखाबद्दल बोलायचं आहे'. भेटीत पहिलं वाक्य ठरलेलं : 'हा लेख तुम्ही कसा लिहिलात, सुरुवातीपासून सांगा.' आणि गप्प बसते. कधी कधी एक मिनिट शांतता असते, ती आपण मोडायची नाही. खरं लिहिणारा खोडलेल्या परिच्छेदांबद्दल बोलतो, कुठे कंटाळा आला ते सांगतो, जुने खर्डे उघडून दाखवतो. दस्तऐवजाचा बदलांचा इतिहास असतो, तो त्याच्या बाजूचाही पुरावा असतो. ज्याने लिहिलेलं नाही तो लेखात काय आहे ते सांगतो, लेख कसा झाला ते सांगत नाही.

माझ्याकडे निम्म्याहून जास्त जणांनी स्वतःहून सांगितलं. सांगितलं की परिणाम होतोच, ते गुण जातात, आणि तेवढाच भाग नव्याने लिहायला मिळतो. ही तरतूद पहिल्या आठवड्यात सगळ्यांना लिहून दिलेली असते. त्या क्षणी मी दयाळू झाले असं होत नाही, नियम आधीच तसा असतो. नाकारलं तर प्रकरण माझ्याकडे ठेवत नाही, दुसऱ्या शिक्षकाकडे देते. जिला राग आलाय तिनेच निवाडा करू नये.

रात्रअभ्यास

'बोलायचं आहे' एवढ्याच मेलनेही रात्रभर झोप लागत नाही, मॅडम. शक्य असेल तर त्यातच लिहा की भेट किती वेळाची आहे, कोण असेल आणि आज काही ठरणार नाही. आणि शुक्रवारी पाठवू नका, दोन दिवस माणूस तेच घेऊन बसतो.

शब्दवेल्हाळ

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आजपासून तसंच लिहीन.

खडूफळा

सगळ्यांचं वाचून पत्राचा मजकूर लिहिला आहे. मोडतोड करा.

'मी तुमची उत्तरं वाचते. सगळी, स्वतः. म्हणून तुमची स्वतःची पाठवा, चुकलेली असली तरी. चुकीच्या उत्तरावर मी जास्त लिहिते.

प्रत्येक स्वाध्यायावर काय चालेल ते लिहिलेलं असेल. लिहिलेलं नसेल तर विचारा, विचारल्याचे गुण कधीच जात नाहीत. कॉपी आढळल्यास काय होतं ते सोबतच्या पानावर आहे.

मुदत पाळायला अडचण असेल तर मुदत संपण्याआधी एक ओळ पाठवा. दोन दिवस मिळतील. कारण सांगायची गरज नाही. सत्रातून दोनदा.

दर स्वाध्यायानंतर आठ जणांशी मी पाच मिनिटं बोलेन. नावं चिठ्ठ्या टाकून तुमच्यासमोर निघतील. तुमचं नाव निघालं म्हणजे संशय आहे असा अर्थ नाही.

तुमचा कॅमेरा तासाला बंद असला तरी चालेल. परीक्षेत मी तुमची खोली पाहणार नाही.

एखाद्या उत्तराबद्दल मला शंका आली तर मी आधी तुम्हालाच विचारेन, एकट्याला, आणि तुमचं पूर्ण ऐकून घेईपर्यंत काहीही ठरवणार नाही. हे मी एक चूक करून शिकले आहे.'

अंशछेद

दुसऱ्या परिच्छेदातलं कॉपीचं वाक्य इतकं आत दडवू नका. न बघणाऱ्यांना ते सहज दिसायला हवं. वेगळा परिच्छेद करा आणि 'सगळ्यांना सारखंच लागू' हे शब्द घाला.

शून्यापासून

चॅटबॉटबद्दल एक ओळ हवी. 'वापरला तर कुठे आणि कशासाठी ते शेवटी लिहा.' माझ्या वर्गात हे लिहायला लागल्यापासून लपवाछपवी कमी झाली, कारण लिहिल्याने काही बिघडत नाही हे त्यांनी दोन-तीनदा अनुभवलं.

रात्रअभ्यास

'कारण सांगायची गरज नाही' हे वाक्य मी तीनदा वाचलं. ते काढू नका.

शेवटची ओळ, 'हे मी एक चूक करून शिकले आहे', याचा अर्थ नव्या मुलांना कळणार नाही. काय चुकलं ते सांगणार आहात का?

खडूफळा

अंशछेद सर, शून्यापासून सर, दोन्ही बदल केले.

रात्रअभ्यास, सांगायचं आहे. वर्गात पहिल्या तासाला, नाव न घेता. पण गोष्ट अर्धी त्याची आहे, आणि एकदा मी त्याला न विचारता त्याच्याबद्दल ठरवून मोकळी झाले होते. म्हणून काल त्याला पत्र लिहिलं. मी काय सांगू इच्छिते ते शब्दशः लिहून पाठवलं, नको असेल तर नुसतं 'नको' लिही, त्याचं कारण विचारणार नाही असंही लिहिलं.

अजून उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत शेवटची ओळ पत्रातून काढून ठेवली आहे.